एका आठवड्यात तीन ट्रायल : साताऱ्यातील एका उमेदवाराचे प्रकरण

बेकरी, हॉटेल, सलून, गॅरेज, शिलाई अशा हातकामाच्या धंद्यांत मुलाखतीपेक्षा ट्रायलला अधिक वजन असते. मालक प्रमाणपत्रावर ओझरती नजर टाकतो आणि म्हणतो, “दोन दिवस ये, हात बघू.” यात मुळात गैर काही नाही, कारण केकचा स्पंज फुगतो की बसतो हे कागदावरून कळत नाही. पेच पडतो तो उमेदवाराने दोन-तीन ठिकाणी अर्ज केलेले असले आणि सगळीकडून एकाच आठवड्यात बोलावणे आले म्हणजे. मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी साताऱ्यात एका वाचनालयात बसतो आणि नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींशी बोलतो. पुढील प्रकरण तिथेच माझ्यापुढे आले. संबंधित मुलीच्या संमतीने ते लिहीत आहे. तिचे, तिच्या गावाचे आणि तिन्ही व्यवसायांचे नाव मात्र हेतुतः लिहिलेले नाही.

पार्श्वभूमी

मुलगी तेवीस वर्षांची, कोरेगाव तालुक्यातली. बेकर अँड कन्फेक्शनरचा एक वर्षाचा आयटीआय कोर्स पूर्ण करून ती कोरेगावात घरगुती केक करणाऱ्या एका बाईंकडे काम करीत होती. रोज पाच तास काम, महिना 7,000 रुपये आणि मंगळवारी सुट्टी. सुट्टीखेरीज घरी राहिले तर तो खाडा धरून पगार कापला जाई, म्हणजे सव्वीस दिवसांच्या हिशेबाने एका खाड्याला 269 रुपये. पूर्ण वेळाची नोकरी हवी म्हणून 2024 च्या ऑगस्टमध्ये तिने तीन ठिकाणी अर्ज केले. पहिली जागा पोवई नाक्याच्या बाजूची एक बेकरी, दुसरी पुणे-बेंगळुरू महामार्गालगतचे एक मोठे हॉटेल, आणि तिसरी यवतेश्वरहून कासकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे एक रिसॉर्ट. कासचा फुलांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा असल्यामुळे त्या रस्त्यावरची हॉटेले ऑगस्टपासूनच माणसे शोधू लागतात, आणि गणपती 7 सप्टेंबरला बसणार असल्याने शहरातल्या बेकऱ्यांनाही हात कमी पडत होते. तिन्ही बोलावणी एकदम आली ती यामुळे. तिला तो आपल्या नशिबाचा भाग वाटत होता. मला तो तिच्या बाजूचा एक मुद्दा वाटला, कारण घाई तिच्याइतकीच समोरच्यांनाही होती.

शनिवारी, 17 ऑगस्टला, ती आली तेव्हा परिस्थिती अशी होती. बेकरीवाल्याने मंगळवार-बुधवार असे दोन दिवस बोलावले होते. रिसॉर्टच्या शेफने बुधवार ते शुक्रवार असे तीन दिवस सांगितले होते आणि राहण्या-जेवण्याची सोय तिथेच होईल असेही सांगितले होते. हॉटेलचे म्हणणे होते, शनिवार-रविवार सोडून कधीही ये. बुधवार दोन्हीकडे अडकला होता. तिने मनाशी उपाय ठरवला होता तो असा की मंगळवारी बेकरीत जायचे, बुधवारी सकाळी ताप आल्याचा फोन करायचा आणि थेट यवतेश्वरचा घाट चढायचा.

तापाचा फोन का नको

मी तिला नीतीचे पाठ दिले नाहीत. खोटे बोलणे वाईट हे तिला ठाऊक होतेच, आणि पोटापाण्याच्या प्रश्नात माणूस एखादी थाप मारतो हे मलाही ठाऊक आहे. माझा आक्षेप व्यवहाराचा होता. सातारा हे अशी थाप पचवण्याइतके मोठे गाव नाही. मैदा, मार्जरीन, व्हिप क्रीम पुरवणारे वितरक मोजके असतात आणि त्यांची पोरे टेम्पो घेऊन सकाळी बेकरीच्या तर दुपारी हॉटेलच्या मागच्या दाराशी उभी असतात. वस्ताद लोक एकमेकांच्या हाताखाली शिकलेले असतात. शिवाय तापाचा फोन एका दिवसाचा नसतो, गुरुवारी “बरी झालीस का?” म्हणून उलटा फोन आला की दुसरी थाप तयार ठेवावी लागते, आणि एवढे करून बेकरीचे ट्रायल अर्धवटच राहते.

मग मी तिला विचारले की प्रत्येक ठिकाणी काम किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, तुझ्याकडून नेमके काय करून घेणार, निर्णय कोण घेणार आणि कधी कळवणार, आणि त्या दिवसांचे पैसे मिळणार का. यातले तिला फक्त वार माहीत होते. बाकी काही विचारले तर ‘अजून घेतलं नाही तोवर हिचे नखरे’ असे म्हणतील, ही तिची भीती. ती निराधार नव्हती, कारण असे म्हणणारे मालक असतात. परंतु वेळ किती हे विचारल्यावर जो मालक रागावतो, त्याच्याकडे नोकरी लागल्यावर सुटण्याची वेळ कोण विचारू शकेल, हाही प्रश्न होताच.

तिथेच बसून तिने रिसॉर्टच्या शेफला संदेश लिहिला. शब्द बहुतेक तिचेच आहेत:

“नमस्कार सर. बुधवार ते शुक्रवार ट्रायलसाठी बोलावलंत, आभारी आहे. मंगळवार-बुधवारी माझी दुसरीकडे ट्रायल आधीच ठरली आहे, ती मोडणं बरोबर होणार नाही. मी शनिवारी 24 तारखेला सकाळी 7 ते संध्याकाळी 5 येऊ शकते. मुक्काम करता येणार नाही. त्या दिवशी माझ्याकडून काय काय करून घेणार ते कळवलंत तर तयारीने येईन. दिवसाचं मानधन काय असेल तेही कळवावं.”

यातले ‘ती मोडणं बरोबर होणार नाही’ हे वाक्य सर्वांत कामाचे ठरले, असे मला वाटते. दुसरीकडेही प्रयत्न चालू आहेत हे त्यातून कळते. पण त्याबरोबर हेही कळते की ही मुलगी तुमची ठरलेली वेळही अशीच पाळेल. अर्ध्या तासात शेफचा फोन आला. “दुसरीकडं म्हणजे कुठं?” तिने उत्तर दिले, “सर, तुमचं नाव मी त्यांना सांगितलेलं नाही, मग त्यांचं तुम्हाला कसं सांगू?” तो हसला आणि शनिवार चालेल म्हणाला. मानधनाविषयी मात्र तो काहीच बोलला नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. हॉटेलला तिने गुरुवार कळवला. बेकरीवाल्याला संदेश पाठवण्याऐवजी तिने फोन केला, कारण ते गृहस्थ संदेश वाचत नसत. गुरुवारी आणि शनिवारी दुसरीकडे ट्रायल असल्यामुळे आपल्याकडे मंगळवार-बुधवार हे दोनच दिवस येता येईल, हे तिने सांगितले. “असू दे, असू दे, ये तू,” एवढेच उत्तर आले.

बेकरीतले दोन दिवस

वेळ नऊ ते सहा ठरली होती. पहिल्या दिवशी वस्तादांनी तिला अर्ध्या किलोचे स्पंज करायला दिले, दुपारी क्रीम फेटायला दिले आणि चारनंतर आयसिंगला बसवले. नखे कापलेली, केस टोपीत, हातात अंगठी नाही, हे त्यांनी न बोलता पाहून घेतले. अन्नपदार्थ हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते प्रमाणपत्र तिच्याजवळ होते आणि तिने आपण होऊन दाखवले. इथवर ट्रायल जशी असावी तशीच होती. संध्याकाळी सहा वाजता मात्र मालक म्हणाले, “एवढं गिऱ्हाईक आवरू दे,” आणि साडेसात झाले. गावाची शेवटची गाडी चुकली. कोरेगावपर्यंत ती दुसऱ्या एसटीने गेली आणि पुढे भावाला मोटारसायकल घेऊन यावे लागले. आयसिंग केलेल्या केकपैकी पाच तिच्या डोळ्यांदेखत काउंटरवरून विकले गेले.

दुसऱ्या दिवशी ओव्हनमधून ट्रे काढताना तिच्या मनगटाला चटका बसला. मालकांच्या पत्नीने बर्नोल लावले, चहा दिला, आपुलकीने विचारपूस केली. जखम किरकोळ होती. पण ती किरकोळ नसती तर काय, हा प्रश्न मला नंतर बराच वेळ सतावत राहिला, कारण त्या दोन दिवसांत मस्टरवर तिचे नाव नव्हते, हजेरी नव्हती, ती त्या भट्टीजवळ उभी होती याचा एक कागदही नव्हता. कामावर दुखापत झाल्यास भरपाई देण्याची तरतूद कायद्यात 1923 पासून आहे, परंतु आपण कामावर होतो हे आधी दाखवावे लागते. म्हणून ट्रायलला पोचल्यावर ‘मी नऊ वाजता आले आहे’ असा आणि निघताना ‘आजचे काम झाले, निघते’ असा साधा संदेश मालकाला पाठवावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. त्याने तो वाचला नाही तरी चालेल. हॉटेल आणि रिसॉर्टच्या वेळी तिने तसे केले.

खरा कस लागला तो बुधवारी संध्याकाळी. मालक म्हणाले, “काम बरं आहे तुझं. रविवारपर्यंत ये, म्हणजे पक्कं सांगतो.” सोमवारी गोकुळाष्टमी होती, रविवारच्या केकच्या ऑर्डरी वहीत लागलेल्या होत्या. मालकांची अडचण खरी होती आणि त्यांचा स्वभावही वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रकरणांत मालकाला राक्षस करून टाकणे सोपे असते. पण या ‘रविवारपर्यंत’मध्ये हॉटेल आणि रिसॉर्ट दोन्ही गिळले जाणार होते. मी आधी तारखांच्या टकरीलाच मुख्य अडचण समजत होतो. तारखा फोनवर सरकवता आल्या. अवघड होते ते शेवट नसलेले ट्रायल. त्यात माणूस चांगले काम करतो म्हणूनच त्याला आणखी थांबवले जाते आणि दोन दिवस दिले आहेत तर आणखी दोन देऊ, असे त्यालाही वाटू लागते. ज्याची संपण्याची वेळ आधी ठरलेली नाही, त्याला मी ट्रायल म्हणत नाही. ते बिनहजेरीचे काम असते.

तिने उत्तर दिले ते असे: “दादा, आपलं दोन दिवसांचं ठरलं होतं, ते झाले. उद्या मी शब्द दिलेला आहे. माझं काम वस्तादांनी बघितलंय. तुम्ही शनिवारपर्यंत कळवा, घ्यायचं ठरलं तर मी येते.” मालकांचा चेहरा उतरला. मग तिने दोन दिवसांच्या पैशांचे विचारले. ते म्हणाले, “ट्रायलचं कुठं पैसे असतात? शिकायला मिळालं की. कर्मवीर अण्णांच्या गावात आहोत आपण, कमवा आणि शिका.” तिने हे मला सांगितले तेव्हा मला हसू आले आणि थोडा रागही आला. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे ती साताऱ्यात आली आणि श्रम करून शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या या जिल्ह्याने पाहिल्या. त्या योजनेच्या नावात ‘कमवा’ हा शब्द आधी येतो, हे आमच्या जिल्ह्यात तरी कोणी विसरू नये.

पैशांबाबत कायदा काय म्हणतो

त्या वेळी 1948 चा किमान वेतन कायदा लागू होता. त्यात काम करणारी व्यक्ती आहे, मालक आहे आणि वेतनाचा दर आहे. ‘ट्रायलवर आलेला’ असा वेगळा, फुकट काम करणारा वर्ग त्यात नाही. शिकाऊ उमेदवार वेगळा, कारण 1961 च्या कायद्याखाली त्याचा नोंदलेला करार असतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. परिवीक्षेवरचा, म्हणजे प्रोबेशनवरचा, कर्मचारी वेगळा, कारण तो पहिल्या दिवसापासून पगारपत्रकावर असतो. मात्र ‘ही कामगार नव्हतीच, हात दाखवायला आली होती’ असा बचाव मालकाला घेता येतो आणि वाद पुराव्यावर येऊन थांबतो. तासाभरात एक स्पंज करून दाखवणे आणि दोन दिवस विक्रीचा माल तयार करणे यांत फरक आहे. केक काउंटरवरून विकला गेला तेव्हा तो मालकाच्या गल्ल्यात आला, आणि ते काम होते हे दाखवायला एवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये म्हटले होते की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हे घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेल्या सक्तीच्या श्रमात मोडते. आपल्याकडचा जुना शब्द वेठ.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. 1948 चा कायदा तिच्यात सामावला गेला असून किमान वेतनाचा हक्क जुन्या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, असलेल्या धंद्यांपुरता न राहता सर्व कामगारांपर्यंत आला आहे. नोकरी सुटल्यास कामाच्या दोन दिवसांत हिशेब पुरा करण्याची तरतूदही तिच्यात आहे. परंतु दोन दिवसांच्या रोजासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाची पायरी चढणारा उमेदवार माझ्या पाहण्यात नाही, आणि तोच मालक उद्या नोकरी देणार असेल तर तो चढणारही नाही. म्हणून पैशांची गोष्ट ट्रायलच्या आधी बोलून घेणे हाच कामाचा मार्ग उरतो. तिने बेकरीच्या बाबतीत ती आधी बोलली नव्हती. मीही तिला त्या फोनवर ते विचारायला लावले नाही.

महामार्गावरचे हॉटेल, आणि माझी चूक

गुरुवारचा दिवस तिन्हींत सर्वांत नीटस गेला. किचन इन्चार्जने आल्या आल्या सांगितले की कॅरॅमल कस्टर्ड, ब्राउनी आणि एका थाळीचे गोड अशी तीन कामे देणार, वेग, स्वच्छता आणि माल किती वाया गेला एवढेच पाहणार, दिवसाचे 400 रुपये आणि जेवण देणार आणि शुक्रवारी संध्याकाळी फोन करणार. दुपारी क्रीमचा टेम्पो आला तेव्हा पोरगा सर्वांसमोर म्हणाला, “ताई, तुम्ही परवा बेकरीत होता नव्हं?” किचन इन्चार्जने मान वरही केली नाही, कारण तिने सकाळीच सांगितले होते की या आठवड्यात आणखी दोन ठिकाणी ट्रायल आहे. तापाचा फोन केला असता तर हाच टेम्पो कुठल्या दिशेने बोलला असता, याची कल्पना तिला तिथेच आली.

चूक झाली ती माझ्याकडून. हॉटेलची मूळ पाळी दुपारी दोन ते रात्री अकरा अशी होती. परतीच्या गाडीची अडचण म्हणून मी तिला सुचवले होते की ट्रायल अकरा ते सात अशी मागून घे. त्यांनी ती दिलीही. परिणाम असा झाला की ज्या पाळीत तिला पुढे रोज उभे राहायचे होते, ती पाळी तिने पाहिलीच नाही. रात्री नऊनंतर लक्झरी बसगाड्या लागतात तेव्हा त्या किचनमध्ये काय घडते, वाढपी गोडाच्या ऑर्डरी कशा ओरडतात, अकराला सुटल्यावर बाई माणसाने जायचे कसे, यातले काहीही तिला त्या 400 रुपयांच्या दिवसाने सांगितले नाही. ट्रायल उमेदवाराचीही परीक्षा घेण्याची वेळ असते, ती आम्ही सोयीपायी वाया घालवली. भावाला रात्री एक दिवस बोलावून मूळ पाळीच करायला हवी होती.

शुक्रवारचा फोन

शुक्रवारी ती कोरेगावात आपल्या नेहमीच्या कामावर गेली होती. संध्याकाळी सहाला हॉटेलमधून फोन आला. पगार 13,000, एक वेळचे जेवण, हवे तर मुलींच्या खोलीत राहण्याची सोय, सोमवारपासून रुजू. “हो की नाही ते आत्ता सांग, दुसरी एक मुलगी थांबलीय.” रिसॉर्टचे ट्रायल दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होते आणि बेकरीकडून काहीच कळले नव्हते.

माझ्या अनुभवात उमेदवार इथे तीनपैकी एक चूक करतात. घाबरून हो म्हणतात आणि सोमवारी जात नाहीत. किंवा हो म्हणून उरलेले ट्रायल न कळवता बुडवतात. किंवा पुढच्या मोठ्या आकड्याच्या आशेने हातचे तोडून टाकतात. तिने फोनवर फक्त एवढे म्हटले, “सर, मला तुमच्याकडचं काम आवडलं. रात्रीच्या येण्या-जाण्याचं घरी बोलून मी रविवारी दुपारी बारापर्यंत नक्की सांगते.” ‘नंतर सांगते’ असे न म्हणता तिने वार आणि वेळ दिली. सोबत एक प्रश्नही विचारला: रात्री अकराला सुटल्यावर गाडीची व्यवस्था हॉटेल करणार का? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचे तर तिची संमती घ्यावी लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर येते. उत्तर आले, “बघू, करू काहीतरी. नाहीतर खोली आहेच.” रविवारची मुदत मात्र मिळाली. थांबलेली दुसरी मुलगी खरोखर होती की नव्हती, देव जाणे.

रिसॉर्टचा शनिवार थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. पाऊस, धुके, घाटात समोरचे दिसेना. एसटीच्या मोजक्या फेऱ्या, म्हणून भावाने सोडले. पोचल्यावर कळले की भांडी घासणारा माणूस आला नाही. दुपारी बारापर्यंत ती मोरीवर होती, त्यानंतर तिने मफिनचा एक ट्रे लावला, आणि दोन वाजता “गिऱ्हाईकच नाही आज, जा तू” असे सांगून तिला मोकळे केले. आधी कार्यालयातल्या मुलाने आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र ठेवून जायला सांगितले होते. तिने झेरॉक्स दिली आणि मूळ पिशवीतून बाहेर काढले नाही, हे उत्तम केले. जेवण मिळाले, पैसे मिळाले नाहीत. मालकाने काम न दिल्यामुळे दिवस अपुरा राहिला तर वेतन पूर्ण दिवसाचे धरायचे, असे 1948 च्या कायद्याचे पंधरावे कलम सांगत होते. पण ते तिथे कोणाला सांगणार? पगार 14,000 सांगितला, हंगामानंतर काय ते सांगितले नाही. तिथला दिवस वाया गेला असे ती म्हणाली. मला तसे वाटत नाही. ज्या जागी केकवाल्या मुलीला ट्रायलच्या दिवशी मोरीवर उभे करतात, तिथे ऑक्टोबरनंतर काय करतील याचा अंदाज तिला एका सकाळीत आला.

निर्णय आणि त्यानंतर

शनिवारी रात्री नऊ वाजता बेकरीवाल्यांचा फोन आला. वस्तादांनी रदबदली केली असावी. पगार आधी 11,000 सांगितला होता. तिने हॉटेलचा आकडा सांगितला, खरा तोच सांगितला, फुगवला नाही. मालक 12,000 वर आले. तिने तीन गोष्टी मागितल्या: सुटण्याची वेळ सहा, फार तर साडेसहा, ट्रायलच्या दोन दिवसांचा रोज पहिल्या पगारात, आणि सध्याच्या बाईंना सांगून मोकळे होण्यासाठी आठ दिवस. मालकांनी तिन्हींना होकार दिला, आणि फोन ठेवल्यावर तिने तेच तीन मुद्दे त्यांच्या पत्नीच्या मोबाईलवर संदेशाने पाठवले, कारण त्या वाचत असत. “ठीक आहे” असे उत्तर आले. नेमणूकपत्र म्हणून एवढेच तिच्या हाती आहे.

हजार रुपयांनी कमी पगाराची नोकरी का घेतली, असे तिच्या वडिलांनी विचारले. खोली घेऊन राहायचे नसेल तर रात्रीच्या प्रवासाची खात्री हॉटेलने दिली नव्हती, तर बेकरीतून सुटल्यावर एसटी मिळत होती, तीही महिलांना निम्म्या तिकिटात. हिशेबाने ती बरोबर होती. माझ्या मनात मात्र थोडी शंका राहिली, कारण काम शिकण्याच्या दृष्टीने हॉटेलचे किचन उजवे होते, आणि तिथली रात्रीची पाळी पाहिलेली असती तर कदाचित तिचे मत वेगळे झाले असते.

रविवारी अकरा वाजता, म्हणजे मुदतीच्या एक तास आधी, तिने हॉटेलला फोन करून नकार कळवला आणि कारण जसे होते तसे सांगितले. किचन इन्चार्ज म्हणाला, “दिवसाची पाळी निघाली तर फोन करतो,” आणि नंबर ठेवून घेतला. रिसॉर्टला तिने संदेश पाठवला. तो वाचला गेला, उत्तर आले नाही. कोरेगावच्या बाईंना तिने सोमवारी सांगितले. त्यांनी गणपतीच्या ऑर्डरीपर्यंत थांबायची विनंती केली आणि आठाचे दहा दिवस झाले. बेकरीवाले त्यावर कुरकुरले, पण थांबले.

त्या आठवड्याचा खर्च तिने वहीत मांडला होता. बुधवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन खाडे, म्हणजे 807 रुपये. एसटी आणि भावाचे पेट्रोल मिळून अडीचशेच्या आसपास. जमा, हॉटेलचे 400. बेकरीच्या पहिल्या पगारात ट्रायलच्या दोन दिवसांपैकी एकच दिवस धरलेला निघाला. “पहिला दिवस तर बघण्यातच गेला,” असे मालकांचे म्हणणे. तो संदेश दाखवून उरलेला रोज मागावा असे मी तिला सांगितले. दिवाळीच्या बोनसच्या वेळी विषय काढते, असे ती म्हणाली. दिवाळी होऊन गेली, बोनसही मिळाला, विषय अजून निघालेला नाही.